ग्रीकमधून ग्रीकमध्ये

आमच्या बेटावर, लिमासोलच्या जिल्हा न्यायालयात मी टंकलेखिका म्हणून लागले, तेव्हा तिथे बसणारा प्रत्येक माणूस ग्रीक बोलणारा होता. न्यायाधीश ग्रीक, दोन्ही वकील ग्रीक, वादी-प्रतिवादी ग्रीक, दारावरचा शिपाईसुद्धा ग्रीक. आणि काम चालायचं इंग्रजीत. इंग्रज जाऊन पंचवीस-तीस वर्षं झाली होती, पण न्यायालयाला ते कुणी कळवलं नव्हतं.

म्हणून आमच्याकडे दुभाषी होता. ओनुफ्रिओस. मी त्याला मास्तर म्हणायची, कारण रविवारी तो चर्चमध्ये स्तोत्रं गायचा आणि गाणाऱ्या पोरांना शिकवायचा. न्यायाधीश खारमांदास साहेब इंग्रजीत अर्धं पान बोलायचे, मास्तर ते डोळे मिटून ऐकायचा आणि समोरच्या शेतकऱ्याला ग्रीकमध्ये सांगायचा, "साहेब म्हणतायत, जरा गप्प बस." शेतकरी पाच मिनिटं बोंबलायचा, आणि मास्तर साहेबांना इंग्रजीत सांगायचा, "तो सहमत नाही." साहेबांना शेतकऱ्याचा शब्द न् शब्द कळलेला असायचा. तरी ते मास्तरचं बोलून होईपर्यंत थांबायचे.

मग एकोणनव्वद साली राजधानीतून परिपत्रक आलं की यापुढे सगळं कामकाज ग्रीकमध्ये. साहेबांनी मला आणि मास्तरला आपल्या खोलीत बोलावलं, कॉफी मागवली आणि दार लावून घेतलं.

"मी कायदा शिकलो लंडनला," ते म्हणाले. "माझं ग्रीक म्हणजे आईचं ग्रीक. आई शेळ्या राखायची. त्या भाषेत शेळीला हाकारता येतं, माणसाला तुरुंगात कसं पाठवायचं?"

मास्तरची चिंता वेगळी होती. सगळे ग्रीक बोलायला लागले तर दुभाषी कशाला हवा? निवृत्तीला त्याची सहा वर्षं बाकी होती.

"तुम्ही मला एक वही करून द्या," साहेब म्हणाले. "आपण रोज वापरतो ती सगळी इंग्रजी वाक्यं, आणि समोर त्यांचं ग्रीक. पण वजनदार हं. खुर्चीला शोभेल असं."

मास्तरचे डोळे चमकले. वजनदार ग्रीक त्याला एकाच ठिकाणचं ठाऊक होतं, चर्चमधलं. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचं.

पुढचे दोन महिने तो सांगायचा आणि मी टंकायची. वकील एकमेकांना 'पूर्ण आदर राखून' म्हणतात तेव्हा त्यांना 'तू गाढव आहेस' म्हणायचं असतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मास्तरने तिथे बिशपना लिहिताना वापरायचा मायना घातला. 'विदाउट प्रेज्युडिस'ने, म्हणजे 'हक्काला बाध न येता'ने, आमचे चार दिवस खाल्ले. पाचव्या दिवशी जे तयार झालं ते मी तीनदा वाचलं आणि मला उगाचच मेणबत्ती लावावीशी वाटली. मग आला तो इंग्रजांचा 'समंजस माणूस', ज्याच्या मापाने कायदा बाकी सगळ्यांना मोजतो.

मास्तर साहेबांकडे विचारायला गेला. "साहेब, हा गृहस्थ नेमका कोण?"

"कुणी नाही. साधा, चारचौघांसारखा, डोकं ठिकाणावर असलेला माणूस."

"लिमासोलात मला असा अजून भेटला नाही," मास्तर म्हणाला, आणि परत येऊन त्याने लिहायला सांगितलं, "प्रज्ञावंत सत्पुरुष." त्या नावाने एखादं चर्चही बांधता आलं असतं.

"मास्तर," मी एकदा धीर करून म्हटलं, "'उपद्रव' आहे तिथे सरळ 'त्रास' लिहूया की."

दूधदुभतंही वर्ज्य असतं त्या उपासाच्या दिवसांत मी त्याच्या ताटात चीज वाढावं, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे टंकत राहिले.

वहीच्या भाषेतला पहिला मोठा निकाल फेब्रुवारीत लागला. डोंगराकडच्या एका गावात रोदू नावाची म्हातारी अंगणातल्या मातीच्या भट्टीत पाव भाजून विकायची. शेजारी फ्रिक्सोस राहायला आला. हा तीस वर्षं लंडनला मासे तळून विकत होता. आता म्हातारपणी त्याला शुद्ध हवा हवी होती. भट्टीचा धूर खिडकीतून येतो म्हणून त्याने दावा लावला. रोदूने वकील केला नव्हता. "माझी भट्टी, माझं अंगण, त्यात वकील कशाला?" असं तिचं म्हणणं.

साहेब उभे राहिले. खरं म्हणजे बसून वाचायचं असतं, पण ती भाषा बसून वाचवेना. घोटीव आवाजात त्यांनी सुरुवात केली, "प्रतिवादिनीने स्वगृहस्थित अग्निस्थानाच्या प्रज्वलनापासून यावच्चंद्रदिवाकरौ निवृत्त व्हावे, आणि तत्संभूत धूम्राने वादीच्या शांतियुक्त निवासास बाधा न पोहोचो..."

पहिल्याच ओळीला रोदूने डोक्यावरचा रुमाल नीट केला. दुसऱ्या ओळीला क्रूसाची खूण केली. संपल्यावर मोठ्याने "आमेन" म्हणाली, पुढे येऊन साहेबांच्या टेबलाच्या कडेचं चुंबन घेतलं आणि फ्रिक्सोसचा हात हातात घेऊन म्हणाली, "देव तुझंही भलं करो." फ्रिक्सोसला वाटलं, बाई हरली पण मनाने मोठी निघाली. साहेबांना तर भरून आलं. मला खोलीत म्हणाले, "पाहिलंस? इंग्रजीत निकाल दिला की लोक शिव्या देत बाहेर पडायचे."

पुढच्या शुक्रवारी न्यायालयात एक टोपली आली. वर फडकं, खाली तीळ लावलेली पावाची गोल, गरम कडी. रोदूबाईंकडून, सगळ्यांना. मी दोन खाल्ली, मास्तरने तीन, आणि दोन बशीत घालून साहेबांकडे नेली.

सोमवारी फ्रिक्सोसचा वकील अर्ज घेऊन हजर. न्यायालयाचा अवमान झाला होता. मनाईनंतर भट्टी रोज पेटत होती, उलट जास्तच. रोदूला पोलिसाने आणून उभं केलं.

"प्रतिवादिनीने अंतिम प्रज्वलन केव्हा केले?" वकिलाने विचारलं. त्यानेही वहीची प्रत मिळवली होती.

रोदूने मास्तरकडे पाहिलं. सवयीने मास्तर तिच्या कानाशी वाकला. "भट्टी शेवटची कधी पेटवली, विचारतोय."

"आज सकाळी! आणि शुक्रवारी मोठी पेटवली होती. साहेबांना विचारा की, कडी पोचली ना?"

शिपाई खोकला. साहेबांनी चष्मा पुसायला घेतला.

"या न्यायासनाच्या आज्ञेचा," ते म्हणाले, "प्रतिवादिनीने बुद्धिपुरस्सर..."

रोदूने पुन्हा क्रूसाची खूण केली आणि मान खाली घातली.

"बाई, हे काय करताय?"

"प्रार्थना चालू आहे ना?"

"प्रार्थना नाही ही! मागच्या वेळी मी तुम्हाला मनाई केली होती!"

"तुम्ही? कधी? तुम्ही तर भट्टीला आशीर्वाद दिलात. किती गोड म्हटलंत! मी घरी जाऊन दुप्पट पीठ मळलं."

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी वही चाळली, पण या प्रसंगाचं वाक्य वहीत नव्हतं. वही आपटून ते ओरडले, आणि तोंडातून निघाली ती आईची बोली. "अगं बया, भट्टी पेटवू नगंस म्हनलं व्हतं तुला! त्या मानसाच्या घरात धूर जातुया, धूर!"

सगळे गार. माझी बोटं कळांवरच थांबली.

रोदूचा चेहरा उजळला. "हां! आत्ता बोललास! कुन्या गावचा रं तू?" मग डोळे बारीक करून म्हणाली, "थांब, थांब. हे नाक मी वळखते. शेळ्यावाल्या एलेंगूचा ना तू? तुझी आय माझ्याकडनं पाव न्यायची रं लेकरा!"

साहेब हळूच म्हणाले, "व्हय. एलेंगूचाच."

"मग आधी का नाही सांगितलंस? धूर जातो तर धुरांडं दोन हात वर चढवते. ह्यानं मला भिंतीवरनं हाक मारून सांगितलं असतं तर तेव्हाच चढवलं असतं."

"मी तीन पत्रं पाठवली होती!" फ्रिक्सोस उठून म्हणाला. "वकिलाकरवी!"

"ती होय? शिक्का होता म्हणून मी ती मेरीमातेच्या तसबिरीमागं ठेवलीयत. रोज दिवा लावते."

दहा मिनिटांत तडजोड झाली. धुरांडं दोन हात वर, फ्रिक्सोसने विटा द्यायच्या, आणि रोदूने त्याला शनिवारचा पाव. सगळं बोलीत ठरलं, मास्तर नुसता उभा होता. त्याचं तोंड पडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळी साहेबांनी मला आणि मास्तरला बोलावलं. "देस्पो, ते 'अगं बया' टंकलंस का?"

"टंकलंय, साहेब. शब्दशः नोंद करायची असते."

"काढून टाक."

"मग तिथे काय लिहू?"

साहेबांनी मास्तरकडे पाहिलं. मास्तरने क्षणभर डोळे मिटले आणि सांगितलं. आज ती फाइल उघडलीत तर वाचायला मिळेल की माननीय न्यायासनाने प्रतिवादिनीस वत्सल शब्दांत पूर्वाज्ञेचे स्मरण करून दिले. एलेंगूचं नाव नोंदीत कुठेच नाही.

मला वाटलं होतं, साहेब आता वही बाजूला ठेवतील. त्यांनी राजधानीला पत्र लिहिलं. पक्षकारांना न्यायालयाची ग्रीक भाषा समजत नाही, सबब दुभाषीची नितांत आवश्यकता आहे. मंजुरी तीन आठवड्यांत आली, म्हणजे तिथेही वही पोचली असणार. नेमणुकीच्या अर्जात 'कोणत्या भाषेतून' आणि 'कोणत्या भाषेत' असे दोन रकाने होते. मी दोन्हीकडे 'ग्रीक' लिहिलं. कारकुनाने चूक समजून अर्ज परत पाठवला. मग वरच्या रकान्यात 'इंग्रजी' लिहिलं, तेव्हा पास झाला.

ती ऑर्डर हातात घेऊन मास्तर खिडकीशी उभा होता. मी जवळ गेले.

"मास्तर, खरं सांगा. ते सगळं इतकं अवघड मुद्दाम केलंत ना?"

त्याने कागदाची नीट चौपदरी घडी घातली आणि आतल्या खिशात ठेवली.

"देस्पो पोरी, तुझा आवाज बरा आहे," तो म्हणाला. "रविवारी चर्चला ये. गाणाऱ्यांत बाया घेत नाहीत, पण मी बोलून बघतो."