शेख मुसब्बहांचा जबाब

आरमाराला नवी जहाजं घ्यायची होती. फौज आणि तिचं सामान किनाऱ्यावर उतरवणारी, दोन. जुनं होतं त्याचा पत्रा इतका झिजला होता, की जहाज नुसत्या रंगावर तरंगतंय असं आम्ही खलाशी म्हणायचो. त्या जहाजावर मी बावीस वर्षं काढली. पुढचा दरवाजा उघडणं आणि लावणं हे माझं काम. दर पंधरा दिवसांनी जहाज आमच्या गावच्या वाळूत नाक खुपसायचं, दरवाजा खाली टेकायचा आणि पाण्याचा टँकर, सिमेंट, डिझेल थेट घरांपर्यंत जायचं. गावाला रस्ता नाही. मागे डोंगर, पुढे समुद्र, आणि जवळचं शहर खसब, तिथे जायचं तर होडीने दीड तास.

राजधानीत नव्या जहाजांचा कागद तयार होत होता. त्यातला एकच प्रश्न आमच्या मतलबाचा होता. नव्या जहाजांना वाळूवर टेकणारा दरवाजा हवा, की त्यांनी खोल पाण्यात उभं राहून हेलिकॉप्टरने काय ते पोचवावं? वरच्या साहेबांना हेलिकॉप्टर आवडलं होतं. दिसायला ते बरंच दिसतं, पण त्यातून पाण्याचा टँकर येत नाही. आणि पाणी आलं नाही, तर खजूर उतरवायच्या दिवसांत खसबला जाणारी माणसं परत येणार नाहीत. सरकारने तिथे त्यांच्यासाठी घरं बांधूनच ठेवली आहेत. किनाऱ्यावरच्या गावांना एकदा विचारून या, असा कुणीतरी शेरा मारला, म्हणून आरमाराचा कमांडर जहरान आमच्याकडे आला.

त्या सकाळी माझी बायको मौझा म्हणाली, "आज बोलणार ना?"

"शेख आहेत की बोलायला."

"शेख आहेत म्हणूनच विचारते. बावीस वर्षं दरवाजा उघडलात, आज जरा तोंड उघडा."

आमचे गावप्रमुख शेख मुसब्बह ऐंशीच्या घरातले. जाळ्यावरून भांडण असो, विहिरीवरून असो की नवराबायकोत, ते सांगतील ते खरं. आपला शब्द खरा म्हणून शपथ घ्या, असं त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पाहुण्यांसाठी बोकड कापला होता आणि बैठकीत गालिचे घातले होते. कमांडर हेलिकॉप्टरने आला, सोबत कागद घेतलेला एक कारकून. कॉफी फिरली.

"काय खबर?" शेखांनी विचारलं.

"खैर. काही नाही. तुमच्याकडे?"

"खैरच. अल्लाची कृपा."

"कशाची कमी?" कमांडरने विचारलं. "पाणी, सामान?"

"कशाचीही कमी नाही."

आमच्याकडे असंच बोलतात. घरात मयत असलं तरी आधी खैर, सगळं ठीक, असंच म्हणायचं. पाहुणा जेवला, हात धुतले, धूप फिरला, की मग मांडी बदलून खरं गाऱ्हाणं काढायचं. पाहुण्याच्या रिकाम्या पोटावर आपलं दुःख घालायचं नाही. हे देशातल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. जहरान तर आतल्या डोंगराळ मुलखातला, तिथे हे आमच्यापेक्षाही कडक पाळतात.

त्याने कारकुनाकडे बघितलं. कारकुनाने लिहून घेतलं. मग कमांडरने आपला पेला हलवला, म्हणजे कॉफी पुरे, आणि तो उठला. "वारा चढायच्या आत उडायला हवं, शेख. माफी असावी."

"जेवण तयार आहे, बाळा."

"पुढच्या वेळी, नक्की."

समुद्र चहाच्या बशीत ओतल्यासारखा शांत होता. बैठकीत कुणीच हललं नाही. वडीलधाऱ्याने कमी नाही म्हटल्यावर त्यांच्या देखत ‘आहे’ कसं म्हणायचं? मीही बसून राहिलो. मला स्वतःचाच संताप आला, मौझाचा त्याहून आला, आणि मी चपला न घालता वाळूत धावलो.

हेलिकॉप्टरपाशी त्याला गाठलं. "साहेब, ते बोलणं नुसतं स्वागताचं होतं. दरवाजा नसला तर गाव उठेल. मी त्या जहाजावर होतो."

"नाव काय काका?"

"खमीस."

"खमीसकाका, मला गावच्या प्रमुखाचं म्हणणं लिहायला सांगितलंय. ते मी लिहिलं. आता तुम्ही म्हणता उलटं आहे." तो अगदी शांतपणे बोलत होता. "म्हणजे तुमचे शेख खोटं बोलले असं लिहू?"

मागे सगळा गाव येऊन उभा होता. हो म्हणावं तर ऐंशी वर्षांच्या माणसाची अब्रू परक्यांसमोर वाळूत. नाही म्हणावं तर गाव गेलं. मी त्याच्या बुटांकडे बघत राहिलो.

शेख काठी टेकत पुढे आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"लिही," ते म्हणाले. "मुसब्बह बिन हुमैद खोटं बोलला. पाण्याची कमी आहे, सामानाची आहे, जहाज वाळूवर टेकलं नाही तर इथे माणूस राहणार नाही. लिहिलंस? आण, अंगठा देतो."

कारकुनाने कमांडरकडे पाहिलं. कमांडरने लिहून घे अशी मान हलवली. त्याला तेवढी लाज होती, हे मला कबूल करायला हवं. शेखांनी सगळ्यांसमोर अंगठा दिला आणि ते घरी गेले. बोकडाचा भात आम्हीच खाल्ला.

आठवड्याने गावातले दोघे भाऊ जाळ्याच्या वाटणीवरून भांडत शेखांकडे गेले. त्यांनी दोघांना खसबच्या काजीकडे पाठवलं. नंतर आलेल्यांनाही तिकडेच. महिनाभराने ते आपली पेटी घेऊन खसबला लेकीकडे राहायला गेले. का, ते कुणी विचारलं नाही.

हिवाळ्यात पत्र आलं. दोन्ही नव्या जहाजांना पुढे दरवाजा असणार होता. कारणांमध्ये आमच्या गावचा जबाब जोडलेला होता. मी पत्र घेऊन खसबला गेलो. शेख लेकीच्या अंगणात बसले होते. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"माझं काय लिहिलंय तिथे?"

ते वाक्य मी दोन्ही वेळा गाळलं होतं, आता वाचलं. "गावप्रमुखाने आधी खोटी माहिती दिल्याचं मान्य केलं."

"बरोबर लिहिलंय."

"परत चला. सगळे वाट बघतात. जागा रिकामीच आहे."

"रिकामी कशाला ठेवता? तू बस तिथे." ते हसलेसुद्धा नाहीत. "तुला पाहुण्यामागे धावत जाऊन बोलता येतं. आता तसाच माणूस लागेल."

लेकीने जेवण आणलं. मी हात धुऊन ताटावर बसलो आणि धूप फिरायची वाट बघत जेवलो.