तळाच्या खणातली कुपी

वॉर्डातल्या पाच रुग्णांच्या घशातले घटसर्पाचे नमुने प्रयोगशाळेत तपासणीला आले, तेव्हा तिथल्या बाईंना मनातून थोडा आनंदच झाला होता. रोगजंतू पिढ्यानपिढ्या कसे बदलत जातात हे शोधण्यात त्यांची हयात गेली होती, आणि हा रोग या गावात कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने जंतूची वंशावळ मांडली आणि डोकं खाजवलं. "मॅडम, हा गडी चाळीस वर्षांपूर्वीच्या फांदीला चिकटतोय. वर्षाला जनुकांतलं एखादं अक्षर तरी बदलायला हवं की नाही? हा कुंभकर्ण झोपला कुठे होता?"

बाईंची नजर फ्रीझरकडे गेली. जंतू असे झोपतात ते फ्रीझरमध्ये.

त्यांच्या फ्रीझरच्या तळाच्या खणात एक कुपी होती. बाई नऊ वर्षांच्या असताना धाकटी बहीण घटसर्पाने गेली. तिच्या घशातला नमुना दवाखान्याने जपला होता. नोकरीला लागल्यावर बाईंनी तो शोधून आणला. बहिणीचा फोटो नव्हता, फ्रॉक आईने देऊन टाकले होते. तिच्या अंगात राहून गेलेलं, अजून जिवंत असं तेवढंच उरलं होतं. दर वर्षी त्या तारखेला बाई कुपीतला कणभर जंतू प्लेटवर वाढवत. दोन दिवसांत करड्या टिकल्या उमटत. त्या बघून झाल्या, की प्लेट वाफेच्या भांड्यात उकळून टाकत.

यंदा ती उकळायला त्यांचा हात धजला नाही. प्लेट टेबलावरच राहिली आणि चौथ्या दिवशी दिसेनाशी झाली. झाडलोट करणाऱ्या मावशींनी आवरली असेल, म्हणून बाईंनी विषय सोडून दिला. मग मावशी रजेवर गेल्या.

नमुन्यांवर नुसते आकडे असत. बाईंनी पहिल्यांदाच नावं मागवली. पहिलं मावशींचं होतं, दुसरं त्यांच्या नातीचं.

मावशी वॉर्डात उशीला टेकून बसल्या होत्या. आवाज बसला होता. "मॅडम, सून माझं तोंड बघत नाही. म्हणते, म्हातारीनेच कुठून तरी आणलं आणि पोरीच्या गळ्यात घातलं."

"तुम्हाला माझ्यामुळे झालं, मावशी." बाईंनी सगळं सांगितलं.

"त्या प्लेटचं झाकण निघालं होतं. मी हातानेच गोळा केली." मावशी उशीवरून पुढे झाल्या. "चार दिवस तशी का ठेवलीत?"

"बहीण होती माझी."

पलीकडच्या खाटेवर नातीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. नवव्या वर्षी बाईंनी बहिणीचा तसाच श्वास भिंतीपलीकडून रात्रभर ऐकला होता.

"बहीण कसली?" मावशी म्हणाल्या. "तिचा जीव घेणारा तो. अजून आहे तिकडे?"

"आहे."

"मग इथे काय बसलात? आणि जाताना सुनेला सांगा. खाली बाकावर आहे. माझं ऐकायची नाही ती."

जिन्यात बाईंनी सहकाऱ्याला फोन लावला. "तळाचा खण, डावीकडची कुपी. माझी आहे. तिच्यातल्या जंतूची अक्षरं वाचून रुग्णांच्या जंतूशी जुळवून घे, अहवालात माझं नाव लिही, आणि उकळून टाक."

"मॅडम... तुम्ही येईपर्यंत थांबू का?"

"नको," बाई म्हणाल्या. "थांबू नकोस."

सून त्यांना बघून घाईने उठली. "डॉक्टर, पोरगी वाचेल ना?"

"मी डॉक्टर नाही," बाई म्हणाल्या. "बसा. मला तुम्हाला काही सांगायचंय."