ग्रुआच्या धक्क्यावर

एर्वे निवृत्त झाला तेव्हा बोटीवरच्या सोबत्यांनी वर्गणी काढून त्याला भेट दिली: ग्रुआ बेटावर, बंदराच्या वरच्या अंगाला निळ्या झडपांचं जे देखणं छोटं हॉटेल आहे, तिथे दोघांसाठी दोन रात्री. उभा जन्म त्याने लोरियां बंदरातून त्या बेटावर माणसं पोचवली होती, पण रात्री मुक्काम म्हणून कधी केला नव्हता. शेवटच्या बोटीने तो परत फिरायचा.

"आता तरी मारिव्होनला घेऊन जा," निरोपाच्या वेळी फान्श म्हणाला. फान्श त्याचा बोटीवरचा जोडीदार; दोघांनी मिळून बोटीचे दोर बांधले-सोडले होते. "आज का नाही आली ती?"

"सर्दी झालीय तिला," एर्वे म्हणाला.

खरं तर त्याची बायको मारिव्होन मागच्या शरदातच नांत शहरात बहिणीकडे निघून गेली होती. भांडण नाही, तंटा नाही. "तू घरात असलास काय नि नसलास काय, मला फरकच कळेनासा झालाय," एवढंच म्हणाली आणि बॅग उचलली. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता सांगायची वेळच निघून गेली होती.

हॉटेलची मालकीण ओदिल दारातच उभी होती. "या, या! आणि मॅडम कुठेत?"

"पुढच्या बोटीने येतेय," एर्वेच्या तोंडून निघून गेलं.

खोली सुरेख होती. पांढऱ्या भिंती, खिडकीत समुद्र, पलंगावर दोन उशा आणि अंघोळीनंतर घालायचे दोन झगे घडी करून ठेवलेले. एर्वे पलंगाच्या कडेवर बसून राहिला. आत सरकायचा धीर होईना. रात्री ओदिलने दोन ताटल्या मांडल्या. बोट आली, गेली. "उद्या येईल," तो म्हणाला. शेजारच्या टेबलावरचं तरुण जोडपं एकाच चमच्याने गोड खात होतं. त्याने मान खाली घालून मासा संपवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओदिलला खरं वाटावं म्हणून तो धक्क्यावर जाऊन उभा राहिला. वाट बघणाऱ्यांच्या गर्दीत तो आयुष्यात पहिल्यांदाच उभा होता. बोटीवरून ही माणसं म्हणजे नुसती गर्दी दिसायची. आता शेजारची म्हातारी टाचा उंचावून एकेक चेहरा न्याहाळत होती, आणि नकळत एर्वेही तेच करू लागला. मारिव्होन येणार नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी प्रत्येक करड्या केसांच्या बाईपाशी त्याची नजर अडकत होती.

"काय लेका, करमेना का?" धक्क्यावरच्या खांबाला दोर अडकवता अडकवता फान्श ओरडला. "वहिनी कुठंय?"

"झोपलीय हॉटेलात."

तेवढ्यात ओदिलची गाडी येऊन थांबली. बिचारी मॅडमचं सामान न्यायला आली होती. "उतरल्या का हो मॅडम?"

फान्शच्या हातातला दोर तसाच राहिला. "उतरल्या? ती तुमच्याकडे झोपलीय ना?"

दोघं एर्वेकडे बघू लागले. त्याला वाटलं, धक्का दुभंगावा आणि त्याने आपल्याला पोटात घ्यावं.

"ती गेली," तो म्हणाला. "मागच्या शरदातच."

"गेली म्हणजे? देवा! वारली?"

"नाही रे. बहिणीकडे. कायमची."

फान्शचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला. "रोज सकाळी माझ्या हातची कॉफी ढोसायचास. रोज विचारायचो, मारिव्होन कशीय? बरीय म्हणायचास! मी कोण होतो रे तुझा, खांब?"

बोटीचा भोंगा वाजला. "रविवारी घरी जेवायला यायचं," फान्श दोर सोडत म्हणाला. "आणि सर्दीबिर्दी सांगायची नाही."

ओदिलने त्याला गाडीतून वर हॉटेलात आणलं. रात्री तिने एकच ताटली मांडली. ते तिने चांगुलपणानेच केलं, पण एर्वेला त्यापेक्षा आदल्या रात्रीची दुसरी रिकामी ताटलीच बरी वाटली.

जेवण झाल्यावर त्याने खोलीतून नांतला फोन लावला.

"कुठून बोलतोयस?" मारिव्होनने विचारलं.

त्याने सांगितलं. खिडकी, समुद्र, मासा, फान्शने भर धक्क्यावर काढलेली खरडपट्टी, सगळंच. इतकं तो तिच्याशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता. खरडपट्टीवर ती थोडी हसलीसुद्धा. मग तो थांबला आणि म्हणाला, "एकटं वाटतंय गं इथे."

"माहितीय मला," ती म्हणाली. "तू शेजारी बसलेला असायचास, तेव्हा मलाही वाटायचं."

तिच्या आवाजात राग नव्हता, हेच त्याला सोसेना. ये म्हणावं असं फार वाटलं, पण म्हणाला नाही. तिने "जपून राहा" म्हणून फोन ठेवला.

ती परत आली नाही. रविवारी एर्वे मात्र फान्शकडे गेला. जेवताना फान्शच्या बायकोने विचारलं, "कसं काय चाललंय?" सवयीने तोंडावर आलेलं "बरंय" त्याने गिळलं, आणि कुठून सुरुवात करावी याचा विचार करत पाव तोडत राहिला.