उतारावरचं टक्कल

धरणाच्या पहारेकऱ्याला वस्तीत सगळे ‘गवतोबा’ म्हणत. तोंडावर नाही, पण त्याच्या कानावर जाईल अशा बेतानं. मातीच्या त्या धरणाचा मागचा उतार त्याच्या राखणीत होता, आणि तिथल्या गवतावर कुणी पाऊल टाकलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. जादा पाणी सोडणारा सांडवा पुरला नाही तर पाणी माथ्यावरून येणार. गवत दाट असेल तर ते पाण्याला वरच्यावर जाऊ देतं, पण जागा उघडी सापडली की पाणी तिथंच माती खायला बसतं. हे त्यानं सगळ्या वस्तीकडून पाठ करून घेतलं होतं.

तरी उतारावर एक लांबुळकं टक्कल पडलंच. पाहणीला आलेल्या इंजिनीयर बाईंनी विचारलं, “हे कशानं?”

“शेळ्या, बाई. दुसरं काय?” तो अडखळलासुद्धा नाही.

शेळ्या एकट्या मावशीकडे होत्या. वस्तीची सगळ्यांचीच मावशी ती. हुकूम निघाला आणि शेळ्या तिच्या बहिणीच्या गावी गेल्या. मावशी भांडली नाही. “शेळीला पाला लागतो रे, गवत नाही,” एवढंच म्हणाली. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आणि त्या पावसाळ्यात एका भर दुपारी सांडवा पुरला नाही, पाणी माथ्यावरून आलं. घोट्याएवढंच, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत. गवत शहाण्या सुनेसारखं मान खाली घालून पडून राहिलं, मुळं मात्र सोडली नाहीत. पाणी त्याच्यावरून सरसर घसरत गेलं. टकलावर तेवढं ते गढूळ झालं.

“पाणी तिथं माती खायला लागलंय!” पुराची खबर लागताच आलेल्या इंजिनीयर बाई ओरडल्या. “माथ्यावर पोती लावा, पाणी दोन्ही अंगांना गवतावर वळवा. खाली कुणी उतरायचं नाही!”

पोरं-म्हातारी टेकडीवर गेली होती. बाकीचे वाळूची पोती हातोहात पुढं देऊ लागले. सगळ्यांची घरं धरणाच्या पायथ्यालाच होती. टेकडीवर जा म्हटलेलं न ऐकता मावशी रांगेत, नेमकी गवतोबाच्या शेजारी.

“शेळ्यांनी घात केला बघा,” बाई म्हणाल्या.

मावशीनं पोतं त्याच्या हातात दिलं. एखादी शिवी हासडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

पोत्यांची कमान पुरी झाली, टकलावरची धार आटली, आणि मातीखालचे दगड उघडे पडले. चपटे, एकाखाली एक, नीट बसवलेले. पाण्यानं प्रत्येकाच्या कडेनं कोरून खड्डे पाडले होते. माथ्यावरच्या पहाऱ्याच्या खोलीपासून निघालेली ती रांग थेट गवतोबाच्या स्वयंपाकघराच्या दारात जात होती.

बायको रोज डबा घेऊन यायची. सडकेचा वळसा लांब, तिचे गुडघे धरलेले. “जरा इकडून ये,” म्हणाला होता. एकदा ती घसरली, तेव्हा त्यानं तिच्या पावलाच्या बेतानं पायऱ्या बसवल्या. माया होती ती. आणि जेवणही गरम मिळायचं.

बाईंनी दगड पाहिले, मग दार, मग त्याला. “शेळ्यांना पायऱ्या लागतात?”

“डबा घेऊन येत असेल एखादी!” वस्तीतल्या शिंप्यानं मागून पुस्ती जोडली. रांगेतून हसू फुटलं आणि लगेच विझलं, कारण रांगेत त्याची बायकोही होती.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही शेळ्यांचं नाव सांगितलंत?”

पाणी घोट्यापर्यंतच होतं, तरी तो नखशिखांत भिजल्यासारखा उभा राहिला. “वाट आमची आहे,” तो पुटपुटला. “शेळ्या इथं कधी आल्याच नाहीत.”

“मोठ्यानं बोल रे,” मावशी म्हणाली. “मला कमी ऐकू येतं.”

कमी ऐकू येत नव्हतं तिला, अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं. त्यानं मोठ्यानं म्हटलं.

धरण टिकलं. पाणी ओसरल्यावर त्यानं आपल्या हातांनी दगड उपटले, माती ठोकून बसवली, वर गवताचे थर लावले. जेवायला तो आता सडकेनं घरी जातो.

मग एके सकाळी तो मावशीच्या बहिणीकडे गेला आणि शेळ्यांचे दोर धरून वस्तीतून परत आला. दारादारांतून माणसं डोकावत होती. धरणाच्या पायथ्याशी शेळ्यांनी गवताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सडकेकडेच्या झुडपांवर मात्र तुटून पडल्या.

मावशी दारात उभी होती. त्यानं दोर तिच्यापुढं धरले.

“दोर सोड,” मावशी म्हणाली. “त्यांना त्यांची वाट ठाऊक आहे.”