रिकामी परतलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी निळी शीतपेटी आहे आणि आज माझं डोकं फिरलंय. पेटीला कुठलं आलंय डोकं, असं म्हणाल. पण ऐका तरी.

कारखान्यात माझ्या अंगात जाड फोम भरला, झाकणावर तापमापक बसवला आणि मला एका इस्पितळात पाठवलं. माझं काम एकच. धडधाकट माणसाच्या रक्तातल्या, नवं रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींची पिशवी आजारी मुलापर्यंत थंडगार पोचवायची. पेटीवाले काका माझा पट्टा मनगटाला गुंडाळून ठेवतात, लघवीला जातानाही सोडत नाहीत. सगळे माझं कौतुक करायचे.

गेल्या आठवड्यात आम्ही सात वर्षांच्या एका मुलीसाठी निघालो. तिच्या हाडांत चांगलं रक्त तयार होत नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी आठवडाभर जहाल औषधं देऊन ती हाडं आतून पार रिकामी केली होती. आता नव्या पेशी मिळाल्या तरच ती जगणार होती.

दाता पंचविशीचा. पेशी देण्याच्या अर्जावर सही करताना फोटो काढून शंभर जणांना पाठवणारा! पेशी वाढाव्यात म्हणून चार दिवस इंजेक्शनं घेतली, आणि पाचव्या सकाळी पेशी काढून घ्यायच्या, तर स्वारी गायब. पेशी काढायच्या केंद्रातल्या सिस्टरनी फोन लावला.

"सिस्टर, अंग फार दुखतंय हो. आई म्हणते, बस झालं आता."

"अरे, दुखणारच! हाडं कामाला लागलीत तुझी. दोन दिवसांत थांबेल. तिकडे ती पोर..."

त्यानं फोन ठेवला. परत लावला तर बंद. दुपार सरेपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. "फोटो काढायला बरा वेळ होता!" काका दात-ओठ खात म्हणाले. त्याच्या आईवर माझा राग नाही. तिला आधी कुणी धड समजावूनच सांगितलं नव्हतं, याची मात्र चीड येते.

मी रिकामी परतले. मुलीच्या आईला फोनवर कळवलं होतं, तरी मला पाहून ती धावत आली.

"दादा, एकदा उघडून दाखवा ना."

काकांनी झाकण उघडलं. आत नुसत्या बर्फाच्या पिशव्या होत्या.

शेवटी तिच्या बाबांच्या पेशी दिल्या. त्या निम्म्याच जुळतात. रुजल्या की नाही, ते कळायला महिना जाईल. तोवर जंतू लागू नयेत म्हणून ती काचेमागे आहे.

मित्रांनो, मोठे झालात की दाता म्हणून नाव द्यायच्या आधी हजार प्रश्न विचारा. घाबरा, आईला सोबत आणा, खुशाल नाही म्हणा. पण ते 'नाही' पहिल्याच दिवशी म्हणा, त्या मुलीच्या हाडांत थोडं का होईना, तिचं स्वतःचं रक्त तयार होत असताना.