पुढचा गिअर

दरवर्षी राखीला मी भिलाईच्या सेक्टर सहामधून सायकल काढतो आणि कुम्हारीला बहिणीकडे जातो. रंभा ओवाळते, राखी बांधते, चहा देते. तिचा नवरा तेजराम बाहेरच्या पडवीत सायकलींचे पंक्चर काढत बसलेला असतो. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. मी आलो की तो मान वर करत नाही, आणि मी त्याला हाक मारत नाही. सात वर्षं झाली. शेजाऱ्यांना वाटतं, साळ्या-मेहुण्यांचं काहीतरी किरकोळ बिनसलं असेल. किरकोळच होतं, हीच तर शरमेची गोष्ट आहे.

मी मूळचा रेल्वेचा. बाप तिथे कायम नोकरीत होता, मी मात्र दुर्गच्या यार्डात डबे दुरुस्त करणारा हंगामी फिटर म्हणून आठ वर्षं काढली. सत्तावन्न साली इकडे पोलादाचा कारखाना उभा राहायला लागला तेव्हा सगळ्यांसारखी मलाही हाव सुटली. आधी एखाद्या ठेकेदाराकडे लागायचं, त्याच्याकडून चांगल्या कामाचा कागद घ्यायचा, मग कारखान्यात कायम व्हायचं. मी एका ठेकेदाराच्या गॅरेजात लागलो. त्याचं नाव घेत नाही, घेऊन तोंड कशाला खराब करा. तेजराम तेव्हा गोंदियाला ट्रक चालवत होता. त्यालाही मीच बोलावून जीपवर ड्रायव्हर म्हणून लावलं. कॅम्पात टिनाच्या एकाच झोपडीत आम्ही तिघं राहायचो. त्यालाही कायम व्हायचं होतं. माझ्यापेक्षा जास्तच, कारण रंभाला शेणामातीत परत न्यायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं.

ती जीप लढाईनंतर लिलावात निघालेली. राजहऱ्याच्या खाणीकडे रस्ता होत होता आणि जीपनं रोज तिकडे सामान न्यायचं. पावसाळ्यात तिथली काळी कन्हार माती चाकं गिळायची. म्हणून मॅनेजर बत्रा साहेबांनी जीपला मोठे टायर चढवले. जीप दिसायला पैलवान झाली, पण दम गेला. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात ते जास्त जमीन कापतं, आणि ती ओढ इंजिनाच्या छातीवर येते. चढावर ती धापा टाकायला लागली आणि महिन्याभरात क्लच जळाला.

साहेबांनी मला विचारलं, क्लच कसा जळाला. मला खरं कारण ठाऊक होतं. पण टायर साहेबांच्या हुकमानं चढले होते, म्हणून मी म्हणालो, "ड्रायवर क्लच पर पैर रखके चलाता है, साब."

हे तेजरामच्या कानावर गेलं. पोळ्याच्या दिवशी गॅरेजात सगळे जमलेले असताना तो माझ्यासमोर उभा राहिला.

"शामरावभाऊ, तुमच्या रेल्वेच्या डब्ब्याले ना इंजिन, ना क्लच," तो म्हणाला. "ज्यानं जिंदगीभर डब्बेच ठोकले, त्याले क्लच का समजते?"

वीसेक माणसं हसली. गाड्या धुणारा फकिरा खलाशी तर हसता हसता खाली बसला. मी काही बोललो नाही. म्हणजे त्या दिवसापासून तेजरामशी काहीच बोललो नाही.

एका झोपडीत राहून अबोला धरायचा म्हणजे नाटकच. एका पंगतीला जेवायला बसायचं, मध्ये रंभा. तो म्हणायचा, "दादाले विचार, उद्या पेट्रोल भराचं हाय का." तिनं माझ्याकडे वळायचं. मी म्हणायचो, "सांग त्याले, भरून ठेवलं हाय." तो हातभर अंतरावर, सगळं ऐकतोय, तरी तिनं त्याच्याकडे वळून ते परत सांगायचं. सुरुवातीला तिला हसू यायचं.

"मी का टपाल हावो?" ती म्हणायची. "तिकिट लावा मग मले."

पुढे तिचं हसणं बंद झालं, पण निरोप पोचवणं चालू राहिलं. आमचा महिनाभराचा संसार तिच्याच जिभेवर चालला.

इकडे नवा क्लचही वास मारायला लागला, तेव्हा साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. मी सांगितलं, टायर ठेवायचे तर अ‍ॅक्सलचे दात बदलावे लागतील. अ‍ॅक्सलच्या मधल्या फुगीर भागात एक मोठं दातेरी चाक असतं, त्याला क्राउन म्हणतात. त्याला फिरवणारं छोटं ते पिनियन. आमच्या जीपच्या पिनियनला आठ दात होते आणि क्राउनला एकोणचाळीस. त्रेचाळीस दातांचं क्राउन बसवलं की इंजिनाची ओढ हलकी होते. वेग थोडा कमी मिळतो, पण चढावर दम येतो.

नागपूरहून जोडी आली, पण एकच. आणि या जीपला पुढे एक अ‍ॅक्सल, मागे एक. एरवी मागची चाकंच ओढतात, चिखलात पुढच्या गिअरचा दांडा ओढला की चारही चाकं जोर लावतात. मागे त्रेचाळीस आणि पुढे एकोणचाळीस ठेवून चारही चाकं जोडली, तर पुढची चाकं एका चालीनं पळणार, मागची दुसऱ्या. चिखलात घसरून निभेल. कडक जमिनीवर मात्र मधला गिअरचा डबा फुटल्याशिवाय राहायचा नाही.

मी साहेबांना हे सगळं सांगितलं.

"पीछे वाला बदल दो," साहेब म्हणाले. "आगे का बाद में देखेंगे. तब तक आगे का गिअर मत लगाना. ड्रायवर को बोल देना."

"हाँ साब," मी म्हणालो.

काम मी झोकात केलं, हे आजही सांगतो. दात एकमेकांवर नीट बसतात की नाही ते पाहायला रंभाच्या देव्हाऱ्यातला शेंदूर तेलात कालवून दातांना लावला, चाक फिरवलं आणि डाग कुठे उमटतो ते पाहिलं. पिनियनखाली पत्र्याच्या चकत्या घालून-काढून चार वेळा केलं. पाचव्या वेळी डाग दाताच्या बरोबर मधोमध आला. दोन दिवस लागले. जो मला डबे ठोकणारा म्हणाला होता, त्याला दाखवायचं होतं.

मग सांगायची वेळ आली. आणि मी काय केलं, तर खडू घेतला. रेल्वेत नादुरुस्त डब्यावर आम्ही खडूनं 'सिक' असं लिहायचो. एकदा ते लिहिलं की स्टेशनमास्तर असो की मोठा साहेब, फिटरनं 'फिट' लिहिल्याशिवाय कोणी तो डबा हलवत नाही. ती अक्षरं पुसायची कोणाची छाती नव्हती. आठ वर्षं मी हेच पाहिलं होतं. म्हणून जीपच्या डॅशवर, पुढच्या गिअरच्या दांड्यासमोर, मी ठसठशीत लिहिलं: पुढचा गिअर सिक, लावू नये. आणि स्वतःवर खूश झालो. सांगणंही झालं आणि बोलावंही लागलं नाही.

त्या संध्याकाळी जेवताना तेजराम म्हणाला, "दादाले विचार, गाडी झाली का."

रंभा माझ्याकडे वळली.

"सांग त्याले, झाली," मी म्हणालो.

"झाली म्हणते," रंभानं त्याला सांगितलं.

आणखी चार शब्द बोललो असतो तर माझं काय झडलं असतं? पण मी भाताचा घास घेतला.

दुसऱ्या दिवशी विश्वकर्मा पूजा होती. रेल्वेत आम्ही हत्यारं पुजायचो, डबे धुवत बसायचो नाही. इथे सकाळपासून सगळ्या गाड्या आतून-बाहेरून धुऊन काढल्या. फकिरानं जीप अशी घासली की ती कालच कारखान्यातून निघाल्यासारखी दिसत होती. मी पोचलो तेव्हा तिला झेंडूची माळ घातलेली, इंजिन चालू, मागे बोल्टच्या पेट्या आणि तेजराम स्टिअरिंगवर. साहेबांनी पूजेच्या दिवशीही एक खेप काढायला लावली होती. डॅश लखलखत होता. खडूचा मागमूस नव्हता. माझी अक्षरं होती तिथे कुंकवाची पाच बोटं ओढलेली होती.

हे मी पाहिलं. लोकांना वाटतं मला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

मी जीपपासून हातभर अंतरावर होतो. तेजराम समोर बघत होता. पोळ्याला हसलेली तीच माणसं हातात प्रसादाचे द्रोण घेऊन आजूबाजूला उभी होती. रंभा तिथे नव्हती. निरोप द्यायला कोणी नव्हतं, मलाच तोंड उघडावं लागणार होतं. आणि माझ्या डोक्यात काय आलं, तर आधी मी बोलायचं? का म्हणून? पाऊस चार दिवस थांबलाय, रस्ता वाळला असेल, पुढचा गिअर लागायचाच नाही. मी मनाशी असा हिशेब केला आणि जीप निघून गेली.

राजहऱ्याच्या अलीकडच्या नाल्यात चिखल होताच. तिथे जीप रुतली. कोणताही शहाणा ड्रायव्हर करेल तेच त्यानं केलं, पुढचा दांडा ओढला. चिखलातून ती निघाली आणि पलीकडचा दगडी चढ चढायला लागली. तिथे दोन्ही अ‍ॅक्सलची ओढाताण झाली. त्यानं दांडा परत काढून पाहिला, पण तो अडकला होता, निघेना. मधला डबा फुटला. या जीपचा हँडब्रेकही त्याच डब्यावर असतो, तोही गेला. पायाचा ब्रेक नाल्याच्या पाण्यानं भिजलेला. जीप मागे घरंगळली आणि कठड्यावरून उलटली. खाली तेजरामचा पाय होता. हे सगळं त्यानंच नंतर दवाखान्यात सांगितलं, मला नाही, रंभाला.

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. साहेबांच्या केबिनमध्ये साहेब, एक कारकून आणि मी.

"तूने ड्रायवर को बोला था ना?" साहेबांनी विचारलं.

विचारताना ते माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांनाही सोयीचं तेच उत्तर हवं होतं. मी खरं बोललो असतो तर मी गेलो असतो आणि एकच जोडी बसवायला लावणारे तेही अडचणीत आले असते. चांगल्या कामाचा कागद माझ्या डोळ्यांसमोर नाचत होता. कायम नोकरी, विटांचं क्वार्टर.

"हाँ साब," मी म्हणालो. "बोला था."

कारकुनानं लिहून घेतलं: फिटरनं तोंडी ताकीद दिली असताना ड्रायव्हरनं ती मोडली. मी सही केली. अक्षर चांगलं आलं.

ड्रायव्हरचीच चूक म्हटल्यावर ठेकेदारावर कसली जबाबदारी राहिली नाही. कारकुनानं दवाखान्यात जाऊन तो कागद तेजरामला वाचून दाखवला आणि त्याचं नाव कमी केलं. रंभा खाटेपाशी उभी होती.

संध्याकाळी ती झोपडीत आली. चूल पेटवली, भाकरी केली, मला ताट वाढलं. मी तिच्याकडे बघत नव्हतो. मी पहिला घास मोडला तेव्हा ती समोर येऊन बसली.

"दादा," ती म्हणाली, "त्या कागदात लिवलं हाय, तू ह्यांले तोंडानं सांगतलं म्हणून."

"हाव."

"कधी सांगतलं?"

मी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.

"पोळ्यापासून तुमा दोघातला एकेक शब्द माह्या तोंडातून गेला, दादा. पेट्रोल माह्या तोंडातून गेलं, मीठ माह्या तोंडातून गेलं. गाडी झाली, हे बी मीच सांगतलं." तिचा आवाज चढला नाही. "मंग हा येवढा एकच शब्द तू माह्याबिगर कसा काय सांगतला?"

ती उठली, उरलेल्या भाकरी फडक्यात बांधल्या आणि दवाखान्यात गेली. त्या झोपडीत ती पुन्हा राहायला आली नाही.

मला कागद मिळाला, नोकरी मिळाली, सेक्टर सहामध्ये क्वार्टर मिळालं. तिनं राखी कधी चुकवली नाही, आणि साहेबांकडे जाऊन एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

यंदा राखीला मी धीर केला. चहाचा कप खाली ठेवला आणि हळूच म्हणालो, "रंभा, तेजरामले सांग, माह्याकून..."

तिनं कप उचलला.

"थो काय, समोरच बसला हाय," ती म्हणाली. "मी आता निरोप नेत नाई."

पडवीत तेजराम एक ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होता. मी त्याच्याजवळून गेलो, हातभर अंतरावरून. माझी सायकल भिंतीला टेकवलेली होती. मी ती घेतली आणि भिलाईचा रस्ता धरला.