तळातली तुकडी

मित्रांनो, अर्धी करवंटी आणि बांबूचा दांडा, एवढेच माझे अंग. मी एक जुनी डवली आहे. मालवणकडच्या एका म्हाताऱ्याने मला घासून गुळगुळीत केले आणि जानकीच्या लग्नात भांड्यांबरोबर मी घाटकोपरच्या चाळीत आले. तिचा नवरा काशीराम गिरणीत होता. पुढे त्यांना प्रेमा झाली, तिच्या पाठीवर धाकू.

माझे काम सोपे, टोपातले कालवण ताटात वाढायचे. पण खरे सांगते, ते मला कधी नीट कळलेच नाही. काशीराम आणि धाकू जेवायला बसले की जानकीचा हात मला थेट तळाशी नेई. तिथे बांगड्याच्या तुकड्या असत. मागाहून मायलेकी बसत, तेव्हा तोच हात मला वरवर फिरवी. वर नुसता रस्सा. टोप एक, हात एक, मीही एकच. मग असे का? मला वाटे, बायकांना मासे आवडत नसावेत. प्रेमा स्वतःच म्हणे, "माका नको गो आये, पोट भरला." मी वेडी, ते खरे धरून चालले. मात्र बांगडे साफ करताना ती त्यांच्याकडे अशी बघे, की माझा पुन्हा गोंधळ उडे.

प्रेमा चौदा वर्षांची झाली, आठवीत गेली आणि वर्गात दोनदा चक्कर येऊन पडली. काशीराम म्हणाला, "उभा रवाक जमणा नाय, तर शाळा कित्याक? रवांदे घराक." त्या दिवशी प्रेमा एकच टोप कितीतरी वेळ घासत बसली.

जानकी तिला दवाखान्यात दाखवून आली आणि शेजारच्या विमलाबाईंना म्हणाली, "डॉक्टर म्हणता, पोरीच्या अंगात रक्त नाय, खावक घाला. अगो, आमी सगळी एकाच टोपातला जेवतंव!" ती खोटे बोलत नव्हती. तिला खरेच तसे वाटत होते. मी खुंटीवर लटकून तळमळत होते.

महिन्याचे चार दिवस बायका चुलीला शिवत नसत. जानकी बाजूला बसली, की प्रेमा स्वयंपाक सांभाळी. पण त्या महिन्यात दोघी एकदमच बाजूला बसल्या. विमलाबाईंनी कालवण करून दिले. काशीराम गिरणीत कामावर गेलेला. वाढायला उरला धाकू. त्याने मला प्रथमच हातात घेतले. मुलग्यांनी वाढायचे नसते, म्हणून मला कुठे बुडवायचे हेही त्याला कोणी शिकवले नव्हते. वडलांच्या दोन तुकड्या ठेवून त्याने तिघांनाही दोन दोन वाढल्या.

"अरे, तिका कित्याक? तूच घे," जानकी म्हणाली.

"कित्याक नको? चक्कर तिका येता ना?"

प्रेमाने काटा न् काटा चोखला, मग हळूच म्हणाली, "धाकू, भात वाढ रे थोडो." तिने दुसऱ्यांदा भात मागितलेला मी कधी ऐकला नव्हता. जानकीने पदराने डोळे पुसले.

पाचव्या दिवशी मी पुन्हा जानकीच्या हातात आले. प्रेमाच्या ताटाची वेळ आली, तेव्हा तो हात वरच थबकला. माझा जीव टांगणीला लागला. मग तो खाली गेला, अगदी तळाशी. मला हायसे वाटले. पण स्वतःचे ताट वाढताना त्याने मला परत वरवरच फिरवले. आता हे काय? तेवढ्यात प्रेमाने मला तिच्या हातातून काढून घेतले.

"आये, तू बस. मी वाढतंय."

पुढे प्रेमाला चक्कर आली नाही, आणि तिची शाळाही सुटली नाही. मित्रांनो, घरात कोणी "पोट भरलं" म्हणाले, तर एकदा तिच्या ताटाकडे बघा. मी इतकी वर्षे त्याच ताटात वाढत होते, आणि मी बघितले नाही.